अर्थिंग आहे तरी आईला शॉक का बसतो? आणि करंट म्हणजे नक्की काय?

खाडीपलीकडे · ६ मे, रात्री ९:१०

मंडळी, जरा घाईत लिहितोय, चूकभूल सांभाळून घ्या. घर गुहागर तालुक्यात, चिऱ्याचं, सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर. मी नोकरीला पुण्यात, सुट्टीत भाचीला घेऊन आलोय. आल्यावर कळलं की गेले तीन आठवडे आईला फ्रीजला हात लावला की झटका बसतो. आणि गंमत म्हणजे दिवसभर नाही, फक्त सकाळी. मी दुपारी दहा वेळा हात लावून बघितला, काही नाही. आई म्हणते तू सकाळी सातला लाव. आज सकाळी लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या, आणि मी तर चपला घालून होतो, आई अनवाणी असते ओल्या कोब्यावर.

फ्रीजवाला दोनदा येऊन गेला, फ्रीजमध्ये दोष नाही म्हणतो. वायरिंगवाल्याला विचारलं तर म्हणाला अर्थिंग आहे, खड्डा केलाय, कोळसा मीठ सगळं घातलंय. एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारं बटण, ते पण एकदाही पडलं नाही. मग करंट येतो कुठून?

माझं शिक्षण कॉमर्सचं. भाची आता दहावीत जाईल, तिला नववीत धाराविद्युत होऊन गेलंय, सूत्र पाठ आहे, पण विभवांतर म्हणजे काय गं विचारलं तर गप्प. मग म्हटलं दोघांनी मिळून समजून घेऊ. कोणी सोप्या भाषेत सांगेल का?

जुनावायरमन · ६ मे, रात्री ९:३२

आधी समजून घेणं राहू द्या. आत्ता उठा, फ्रीजची पिन काढा, आईंना सांगा घरातल्या कुठल्याही लोखंडी पत्र्याच्या वस्तूला ओल्या हाताने, अनवाणी हात लावायचा नाही. नळाला सुद्धा. उद्या सकाळी अंघोळी चुलीवरच्या पाण्याने करा.

मग मला सांगा, सकाळी घरात असं काय चालू असतं जे दुपारी बंद असतं? आणि गेल्या वर्षभरात नवीन काय आणलं? टेस्टरवर जाऊ नका, टेस्टर नुसता पेटतो, किती ते सांगत नाही. मल्टिमीटर असलेला माणूस बोलवा आणि थ्री पिन सॉकेटवर तीन मापं घ्यायला सांगा, फेज न्यूट्रल, फेज अर्थ, न्यूट्रल अर्थ. फेज म्हणजे करंट येतो ती वायर, न्यूट्रल म्हणजे परत जातो ती, अर्थ म्हणजे खड्ड्याकडे जाणारी. एकदा सकाळी सगळं चालू असताना, एकदा दुपारी.

कातळसडा · ६ मे, रात्री १०:०५

अर्थिंगचा खड्डा सुकला असेल. मे महिन्यात आमच्याकडे पण होतं. अर्थिंगचं काम काय, तर करंट जमिनीत ओढून घेणं, खड्डा ओला असला की ओढतो. रोज दोन बादल्या पाणी ओता, आणि एमसीबी कमी अँपिअरचा टाका म्हणजे माणसाला शॉक बसला की लगेच पडेल.

सुरंगी · ६ मे, रात्री ११:२०

कातळसडा, खड्डा सुकतो हे तुमचं बरोबर आहे पण बाकीच्या दोन गोष्टींवर मला थांबून लिहावंसं वाटतंय, कारण ह्याच दोन समजुती घरोघरी आहेत आणि ह्यांच्यापायीच माणसं जातात. मी शाळेत विज्ञान शिकवते, तेव्हा थोडं लांबण लागेल.

भाचीसाठी सांगते. आगरात पाणी कसं सोडतो ते डोळ्यासमोर आण. सड्यावर टाकी, खाली पोफळीची आळी, मधे पाईप. टाकी जितकी उंच तितका पाण्याला जोर. ती उंची म्हणजे व्होल्टेज, तुमच्या पुस्तकातलं विभवांतर. 'अंतर' शब्द महत्त्वाचा, कारण उंची नेहमी दोन जागांमधली असते, एका जागेचं व्होल्टेज असं काही नसतं. तारेवर बसलेल्या कावळ्याला काही होत नाही ते ह्यामुळेच, त्याचे दोन्ही पाय एकाच उंचीवर. पाईपमधून दर सेकंदाला किती पाणी जातं तो करंट. पाईप बारीक, आत शेवाळ धरलेलं, तर पाणी कमी जातं, तो रोध. तिन्हीचं नातं जॉर्ज ओहम ह्या जर्मन शिक्षकाने १८२७ मध्ये मांडलं. करंट बरोबर व्होल्टेज भागिले रोध, एवढंच.

आता ह्या उदाहरणाची एक खोड. पाईप फुटला तर पाणी सांडतं, वायर तुटली तर करंट सांडत नाही. करंटला जाऊन परत यायला वाट लागते. वाट पूर्ण नसेल तर तो वाहतच नाही. म्हणून "जमीन करंट ओढून घेते" हे खरं नाही. जमीन काही ओढत नाही की गिळत नाही. डीपीपाशी, म्हणजे वाडीच्या ट्रान्सफॉर्मरपाशी, न्यूट्रल जमिनीत गाडलेला असतो, त्यामुळे तुमच्या घराखालची जमीन ही डीपीकडे परत जायची एक वाट आहे, बाकी काही नाही. अर्थिंगचा खड्डा हा त्या वाटेवरचा दरवाजा.

आणि दुसरी समजूत जी माझ्या वर्गात दरवर्षी निघते, बल्ब करंट खातो. नाही खात. बल्बमध्ये जेवढा करंट शिरतो तेवढाच बाहेर पडतो, कणभर कमी नाही. पाणचक्कीचं चाक फिरवून पाणी पुढे जातं, चाक पाणी पीत नाही, पाण्याचा जोर घेतं. खर्च होते ती ऊर्जा. जेवढा गेला तेवढाच आला हे वाक्य वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेव, पुढे उपयोगी पडणार आहे.

एमसीबीचं. तो वायर वाचवतो, माणूस नाही. १६ अँपिअरचा एमसीबी १६ च्या वर गेल्याशिवाय हलत नाही. माणसाच्या छातीतून ०.०३ अँपिअर गेला तरी जिवाला धोका सुरू होतो. ९ वॉटचा एलईडी बल्ब जेवढा घेतो ना, साधारण तेवढा. म्हणजे १६ च्या जागी ६ चा टाकला तरी माणसाच्या दृष्टीने काहीही फरक नाही. घरातल्या सर्वात छोट्या बल्बाला चालेल एवढा करंट माणसाला चालत नाही, आणि एमसीबीला तो दिसत पण नाही.

कातळसडा · ७ मे, सकाळी ७:१५

ताई, चूक मान्य. इतकी वर्षं मी लोकांना हेच सांगत आलोय. वाचून झोप उडाली.

खाडीपलीकडे · ७ मे, सकाळी ११:४०

मापं घेतली. शृंगारतळीहून एक जण आला, त्याच्याकडे मल्टिमीटर होता आणि जमिनीचा रोध मोजायचा अर्थ टेस्टर पण होता.

सकाळी ७ ला, फेज न्यूट्रल २३०, फेज अर्थ १४०, न्यूट्रल अर्थ ९०.
नंतर १० ला, फेज न्यूट्रल २३०, फेज अर्थ २२८, न्यूट्रल अर्थ २.

खड्ड्याचा रोध ८५ ओहम आला. तो माणूस आकडा बघून नुसता डोक्याला हात लावून बसला. काका, तुम्ही विचारलं होतं नवीन काय, तर दिवाळीत न्हाणीत गिझर बसवलाय. आधी बंबच होता. गिझर सकाळी सहा ते आठ चालू असतो. पण शॉक फ्रीजला बसतो, गिझरला नाही, फ्रीज स्वयंपाकघरात आहे, न्हाणी मागीलदारी. म्हणून मी गिझरचा विचारच केला नव्हता.

जुनावायरमन · ७ मे, दुपारी १२:१०

सापडलं. गिझर बंद करा, पिन काढून ठेवा, वापरू नका. गिझरच आहे.

कसं ते सांगतो. गिझरच्या आत जी कॉईल असते ती धातूच्या नळीत बसवलेली असते, मधे पांढरी पावडर. पाणी क्षाराचं असलं की नळीला खड्डा पडतो, पाणी आत शिरतं, कॉईल पाण्याला आणि पत्र्याला लागते. कॉईलच्या एका टोकाला २३० आणि दुसऱ्याला शून्य, मधे कुठे भोक पडलं तिथे त्या जागेचं व्होल्टेज. तुमचं ९० च्या जागी पडलंय. कॉईल मात्र तुटलेली नाही त्यामुळे पाणी गरम होतंच, कुणाला शंका येत नाही.

आता ते ९० गिझरच्या पत्र्यावर आलं. पत्र्याला अर्थिंगची हिरवी वायर. ती वायर जाते बोर्डात, बोर्डातून सगळ्या थ्री पिन सॉकेटना तीच वायर. म्हणजे तुमचा फ्रीज, मिक्सर, मोटर सगळ्यांचे पत्रे एकमेकांना जोडलेले आहेत. खड्डा चांगला असता तर त्या वायरीवर व्होल्टेज राहिलंच नसतं. पण खड्डा ८५ ओहमचा. ९० भागिले ८५, सव्वा नाही, जेमतेम १ अँपिअर जमिनीत जातोय, आणि अख्खे ९० व्होल्ट घरभर हिरव्या वायरीवर उभे. गिझरचा रोग फ्रीजला दिसला तो ह्यामुळे. न्हाणीत कोणी गिझरच्या पत्र्याला हात लावत नाही, तो वर भिंतीवर. पण अंघोळीचं पाणी त्यातूनच येतंय हो. आईंचं नशीब थोर.

खाडीपलीकडे · ७ मे, दुपारी १२:२५

काका, हात थरथरतायत लिहिताना. प्लास्टिकची बादली आणि प्लास्टिकचे पाईप आहेत न्हाणीत म्हणून वाचली म्हणायचं.

सुरंगी · ७ मे, दुपारी ४:००

पाणी प्लास्टिकच्या पाईपातून आलं तरी ते पाणीच आहे, करंट वाहून नेऊ शकतं, रोध वाढतो एवढंच. गिझर आता चालू करू नका.

८५ का आला त्याबद्दल. आपला जांभा सच्छिद्र, पावसात पाणी धरतो पण मे महिन्यात सडा तव्यासारखा कोरडा. जमिनीतून करंट जातो तो त्यातल्या ओलीतून आणि त्या ओलीत विरघळलेल्या क्षारांतून. ओल गेली की वाट बंद. त्यामुळे एकच खड्डा जुलैत बरा निघेल आणि मे मध्ये नापास. खड्डा केलाय हे पुरेसं नाही, मोजलाय का हे विचारायला हवं, आणि ते पण उन्हाळ्यात मोजलेलं.

पूर्ण २३० चा फेज पत्र्याला चिकटला असता तरी तुमच्याकडे काय झालं असतं बघा. २३० भागिले ८५, साधारण २.७ अँपिअर. १६ चा एमसीबी ढिम्म. दिवसरात्र ६०० वॉटच्या वर जमिनीत जळत राहिलं असतं आणि मीटर पण फिरत राहिला असता. ज्यांचं बिल कारण नसताना वाढलंय त्यांनी हे एक तपासून बघावं.

रापण · ७ मे, संध्याकाळी ६:३०

मधेच घुसतंय, माफी करा, पण हय मोटरचा जाणकार दिसतहत म्हणान इचारतंय. आमच्या बावीत मे म्हयन्यात पाणी खाली जाता आणि पंप नुसतो ओरडता, पाणी येणा नाय. फूटव्हॉल्व्ह बदललो, दोन वेळा पाणी भरून बघितला. मोटर दीड एचपीची घेव काय? बाव धा मीटर खोल, पंप काठावर. आणि सांजचो व्होल्टेज १७० असता.

सुरंगी · ७ मे, रात्री ८:४५

मोठी मोटर घेऊन उपयोग नाही हो दादा, पैसे वाचवा. हे मोटरीचं नाही, हवेचं गणित आहे.

पंप पाणी 'ओढत' नाही. पंप फक्त पाईपातली हवा काढतो, आणि मग बाहेरच्या हवेचा दाब विहिरीतल्या पाण्यावर पडून ते पाणी वर ढकलतो. स्ट्रॉने शहाळं पितो तसंच, आपण ओढतोय असं वाटतं, पाणी वर ढकलते ती हवा. हवेला किती ढकलता येईल ह्याला हद्द आहे. इटलीतल्या टॉरिसेलीने १६४० च्या दशकात पाऱ्याच्या नळीने दाखवलं की हवा साधारण ७६ सेंटीमीटर पारा उचलून धरते. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणजे पाणी १०.३ मीटर. त्याच्या वर जगातला कुठलाच पंप पाणी काठावर बसून ओढणार नाही, १ एचपी असो की १००. प्रत्यक्षात पाईपातलं घर्षण, फूटव्हॉल्व्ह, सांध्यातून शिरणारी हवा हे धरून ७ मीटरच्या आसपासच जमतं. तुमचं पाणी मे मध्ये ८-९ मीटरवर गेलं असणार.

उपाय, पंप विहिरीत खाली टप्प्यावर उतरवा म्हणजे ओढ कमी होईल. खालून वर ढकलायला हवेची मर्यादा नाही, तिथे मोटरीची ताकद कामाला येते. किंवा पाण्यात बुडणारा सबमर्सिबल. कुठलाही घेतलात तरी विजेचा माणूस आणि वरचा सगळा धागा लक्षात ठेवून.

ऊर्जा तशी फार लागत नाही बरं का. १ हजार लिटर पाणी १० मीटर उचलायला ९८ हजार ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे युनिटचा साधारण सदतिसावा हिस्सा. पंपात निम्म्याहून जास्त वाया जातं ते धरलं तरी युनिटच्या दहाव्या-बाराव्या हिश्शात भागतं. आजी ओकतीने, म्हणजे विहिरीवरच्या लांब लाकडाच्या तरफेने, शिंपायची तेव्हा तेवढेच ९८ हजार ज्यूल तिच्या पाठीतून जायचे, लाकडाच्या दुसऱ्या टोकाचा दगड मदत करायचा पण ज्यूल काही कमी करायचा नाही, तरफ जोर कमी करते, काम नाही.

जुनावायरमन · ७ मे, रात्री ९:०५

आणि १७० वर मोटर चालू करू नका. मोटर फिरवायचा जोर व्होल्टेजच्या वर्गात कमी होतो. १७० भागिले २३०, त्याचा वर्ग, साधारण ५५ टक्के. निम्म्या जोरावर ती उठतच नाही, नुसती गुरगुरते, आणि न उठलेली मोटर कितीतरी पट करंट घेते. वाइंडिंग जळतं ते तिथे. संध्याकाळी सगळ्या वाडीचे पंप लागतात तेव्हा नाही, पहाटे लावा. डीपीपासून लांब असाल तर सर्व्हिस वायरचे सांधे पण बघा. अॅल्युमिनियमला तांबं नुसतं पिळून जोडलेलं असतं, खाऱ्या हवेत वर्षभरात काळी पावडर धरते, तिथेच व्होल्टेज मरतं.

रापण · ७ मे, रात्री ९:२०

देव बरें करो ताई, काका. टप्पो आसा बावीत, सात पायऱ्ये खाली. उतरवतंय.

पागोळी · ८ मे, सकाळी १०:१५

हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आम्ही श्रीवर्धनजवळ होतो. पुढे कितीतरी दिवस लाईट नव्हती. गावात एकाने जनरेटर आणला आणि दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून घरातल्या सॉकेटमध्ये खुपसली, की घरभर लाईट. सगळ्यांना कौतुक. माझे वडील धावत गेले आणि त्यांनी ती ओढून काढली, भांडण झालं तेव्हा. मला त्या वेळी समजलं नव्हतं ते का एवढे चिडले. कोणी समजावाल का, म्हणजे बाकीच्यांना पण कळेल. वादळं आता काही थांबत नाहीत, पुढच्या वर्षी लगेच तौक्ते आलंच.

सुरंगी · ८ मे, दुपारी १:३०

पागोळी, तुमच्या वडलांनी कुणाचा तरी जीव वाचवला असेल.

डीपीमध्ये दोन गुंडाळ्या असतात, लोखंडाच्या पट्ट्यांवर. त्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. एकीत करंट पुढेमागे होतो, सेकंदाला ५० वेळा, त्याने लोखंडातलं चुंबकत्व पुढेमागे होतं, आणि बदलतं चुंबकत्व दुसरीत व्होल्टेज तयार करतं. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये हे शोधलं. नुसतं चुंबक ठेवून काही होत नाही, ते बदलत राहायला लागतं, म्हणून डीपीला एसीच, म्हणजे असा पुढेमागे होणारा करंटच लागतो. बॅटरीचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने जाणारा, जोडला तर चालू बंद करतानाचा धक्का सोडला तर पलीकडे काहीच मिळत नाही.

आता कुठल्या गुंडाळीत आधी करंट सोडायचा हे डीपी ठरवत नाही. एरवी ११ हजारावरून २३० उतरतात. मेन स्विच न पाडता घरातून २३० मागे सोडले तर तोच डीपी उलटा चालतो आणि वरच्या तारांवर ११ हजार चढतात. त्या तारा लाइन बंद आहे समजून लाइनमन हाताने जोडत असतो. जनरेटर लावायचाच तर मधे चेंजओव्हर स्विच हवा, जो एका वेळी एकच बाजू जोडतो.

तुटून पडलेल्या तारेचं पण सांगते. तार जमिनीला टेकली की जमिनीतच उतार तयार होतो, तारेजवळ जास्त, लांब कमी. लांब ढांग टाकली तर दोन पायांत फरक पडतो आणि करंट एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. गुरं ह्यामुळेच मरतात, त्यांच्या पुढच्या मागच्या पायांत अंतर जास्त. जवळ असाल तर पाय जुळवून, घासत घासत लांब व्हायचं. लांब असाल तर जवळ जायचंच नाही.

खाडीपलीकडे · ८ मे, रात्री ९:००

आज त्या माणसाने आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप पडणारा डबा, बसवायचा सांगितलाय, ३० मिलिअँपिअरचा, उद्या बसेल. भाचीने प्रश्न विचारलाय, जसाच्या तसा लिहितो. "त्या डब्याला कसं कळतं की करंट माणसातून गेला की मिक्सरमधून? करंटवर नाव लिहिलेलं असतं का?" मला उत्तर नाही.

सुरंगी · ८ मे, रात्री १०:३०

फार छान प्रश्न. तुझ्या वहीतलं मोठ्या अक्षरातलं वाक्य काढ. जेवढा गेला तेवढाच आला.

डब्याला मिक्सर दिसत नाही, माणूस दिसत नाही. तो फक्त मोजतो, फेजने किती गेला आणि न्यूट्रलने किती परत आला. दोन्ही सारखे, तर सगळं ठीक, मग २० अँपिअर का जाईनात. फरक पडला, तर उरलेला दुसऱ्या कुठल्या वाटेने परत गेला, आणि ती वाट पत्रा असेल नाहीतर माणूस असेल.

मोजतो कसा हे सुंदर आहे. डब्यात एक लोखंडी कडं असतं, बांगडीएवढं, आणि फेज न्यूट्रल दोन्ही वायरी त्या कड्यातून जातात. डेन्मार्कच्या ओर्स्टेडने १८२० मध्ये बघितलं होतं की तारेतून करंट गेला की जवळची होकायंत्राची सुई वळते, म्हणजे करंटभोवती चुंबकत्व असतं. जाणारा करंट कड्यात एका दिशेने चुंबकत्व करतो, येणारा उलट्या दिशेने. दोन्ही सारखे असले की बेरीज शून्य. फरक पडला की थोडं चुंबकत्व उरतं, ते पुढेमागे होतं, कड्यावर गुंडाळलेल्या तिसऱ्या बारीक तारेत फॅरडेच्या नियमाने व्होल्टेज येतं, आणि ते व्होल्टेज खटका सोडतं. ३० मिलिअँपिअरला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत, करंट जास्त असेल तर त्याहून कितीतरी लवकर.

उद्या घरी करून बघ. शिवणाची सुई चुंबकावर एकाच दिशेने वीस-पंचवीस वेळा घास, फणसाच्या पानाच्या तुकड्यावर ठेवून वाटीतल्या पाण्यात तरंगत सोड. उत्तर दक्षिण स्थिरावेल. तिच्यावर तिच्याच दिशेने वायर धरून दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर लाव, जास्त वेळ नको, सेल तापतो. सुई वळेल. मग तीच वायर मधोमध दुमडून दोन्ही पदर एकमेकांना चिकटवून सुईवर धर आणि परत लाव. काय होतं ते इथे लिही. फक्त सेल वापरायचा, घरातल्या सॉकेटची वायर अजिबात नाही.

रापण · ९ मे, सकाळी ८:१०

पंप उतरवलो. पाणी आयला!! आता पोराचो प्रश्न, दहावीचोच. खाडीत माशाक भालो मारताना आम्ही माशाच्या खाली नेम धरतंव, ता कित्याक?

सुरंगी · ९ मे, दुपारी २:००

वा! मासा दिसतो तिथे नसतो, असतो त्याच्या खाली. पाण्यात प्रकाश हळू चालतो, हवेत पाण्यापेक्षा सव्वा पटीहून जास्त वेगाने, १.३३ पट. वेग बदलला की तिरका किरण वाकतो, आणि डोळा सरळ रेषेतच मागे बघतो म्हणून तो मासा वर आलेला दिसतो. सरळ वरून बघितलं तर खोली पाऊणच दिसते. ४ मीटर पाणी ३ मीटर वाटतं. मे महिन्यात मुंबईची पोरं विहिरीत उड्या मारतात, त्यांना हे आधी सांगा. तळ दिसतोय म्हणजे पाय टेकतील असं नाही.

कातळसडा · ९ मे, दुपारी ३:२०

प्रकाशाचं निघालंय तर, आमच्या विजयदुर्गावर साहेबाच्या ओट्यावरून इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरने हेलियम शोधला ना?

सुरंगी · ९ मे, दुपारी ४:१०

ओटे आपल्या अभिमानाची गोष्ट आहेत पण लॉकियर तेव्हा तिथे नव्हता. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रान्सच्या जान्सनने गुंटूरहून सूर्याच्या कडेचा प्रकाश लोलकातून तपासला. लॉकियरने त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, तिथली एक पिवळी रेघ टिपली जी कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेना. पृथ्वीवर हेलियम हाती लागला १८९५ मध्ये, रॅमसेला. म्हणजे एक मूलद्रव्य आधी प्रकाशात सापडलं आणि २७ वर्षांनी बाटलीत. ओट्यावर उभं राहून मुलांना हीच गोष्ट सांगितली तर ती कमी मोठी वाटत नाही.

खाडीपलीकडे · १० मे, रात्री ८:५०

सगळं सविस्तर लिहितो, कुणाला तरी उपयोग होईल.

काल आरसीसीबी बसला. बसला आणि लगेच पडला, गिझरची पिन काढलेली असताना. दोन तास शोधाशोध. शेवटी कळलं की पडवीतल्या बोर्डात, ज्याचं अर्थिंग वेगळं आहे, घरातल्या हिरव्या वायरीला जोडलेलं नाही, कोणीतरी पूर्वी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र पिळून ठेवले होते. ते सोडवलं, राहिला. मग मुद्दाम गिझरची पिन लावून लांबून बटण दाबलं, खटकन पडला. गिझर उतरवून उघडला, कॉईलच्या नळीला करंगळीच्या नखाएवढी चीर आणि वर चुनखडीचा थर. कॉईल नवीन घेतोय.

अर्थिंग नवीन केलं, सड्यावर नाही, खाली आगरात, जिथे मोरीचं पाणी जातं तिथे, जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप, अडीच मीटर. १२ ओहम आले.

सुईचा प्रयोग झाला. एकेरी वायरला सुई चांगली अर्धा काटकोन फिरली. दुमडून धरली तर हललीच नाही. भाची दहा वेळा करत बसली, आईला बोलावून दाखवलं, शेजारच्या वैनींना दाखवलं.

जुनावायरमन · १० मे, रात्री ९:१५

उत्तम काम केलंत. न्यूट्रल अर्थ एकत्र पिळणाऱ्याने बहुतेक खड्डा नापास होता तो पास दाखवायला केलं असणार. फार वाईट सवय आहे. वादळात खांबावरचा न्यूट्रल तुटला की घरातले सगळे पत्रे २३० ला जातात.

१२ वर निर्धास्त होऊ नका. २३० भागिले १२ म्हणजे १९ अँपिअर, १६ चा एमसीबी १९ ला तासभर पण तग धरतो. आपल्या जमिनीत आरसीसीबीशिवाय भागत नाही. उलट आरसीसीबी आहे तर जुना ८५ वाला खड्डा असता तरी पत्र्यावर अडीच व्होल्ट चढायच्या आत तो पडला असता, ८५ गुणिले ०.०३. त्याच्यावर टी लिहिलेलं बटण आहे ते महिन्यातून एकदा दाबा. खाऱ्या हवेत खटका अडकतो.

खाडीपलीकडे · १० मे, रात्री ९:४०

दाबलं, पडला. भाची लगेच विचारते, बटण दाबल्यावर तर करंट जमिनीत जात नाही, अर्थची वायर त्या डब्याला जोडलेलीच नाही, मग पडला कसा?

सुरंगी · १० मे, रात्री १०:०५

बटण एका छोट्या रोधातून फेजचा थोडा करंट न्यूट्रलला देतं, पण कड्याच्या आतून नाही, बाहेरून वळसा घालून. जाताना कड्यातून गेला, येताना बाहेरून आला. कड्याच्या दृष्टीने तेवढा हरवला. अर्थिंग नसलेल्या घरात सुद्धा बटण दाबलं की तो पडणारच, म्हणून बटण चाललं म्हणजे अर्थिंग चांगलं असं नाही, ते वेगळं मोजायचं. तिला सांग दुमडलेल्या वायरीचा एक पदर सुईपासून लांब धरून बघ, तेच आहे.

खाडीपलीकडे · १० मे, रात्री १०:३०

वाटी परत काढलीय. पान भिजून बुडालं, नवीन आणायला अंगणात गेलीय टॉर्च घेऊन.